पगार मुलगा देतो, पण रुग्ण आई आहे

फोंडा तालुक्यातल्या एका घरी रात्रपाळी करणाऱ्या नोंदणीकृत नर्सने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजींचं वय ८४. पक्षाघातानंतर शरीराची डावी बाजू कमजोर झालेली, लघवीला नळी. विस्मरण सुरू झालंय, पण दिवसा बोलणं बऱ्यापैकी जागेवर असतं. धाकटा मुलगा दुबईत, पगार तो पाठवतो. थोरला मुलगा आणि सून घरात. रात्री आजी नळी ओढतात, उठायला बघतात, म्हणून सून हात बांधायला सांगते. झोपेची गोळी पेजेत चुरून द्या, असंही सांगून झालंय. पलंगासमोर कॅमेरा आहे. आणि आता घराच्या बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्याचा आग्रह सुरू झालाय. ‘नाही म्हटलं तर काम जाईल, हो म्हटलं तर मी कायद्यात अडकेन का? आणि आजी पडल्या तर जबाबदार कोण?’

सिस्टर, मी सरकारी वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं, पुढे घरोघरी शुश्रूषा केली आणि नर्सिंगच्या मुलींना शिकवलंही. तुमचा प्रश्न मी वेगवेगळ्या तालुक्यांतून ऐकलाय. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण गोव्यात ११ टक्क्यांच्या वर होतं, केरळच्या खालोखाल. मुलं आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात. घरात एक म्हातारं माणूस आणि एक सिस्टर. त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर देते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. पैसे कोणीही देवो, तुमचा रुग्ण आजी आहेत. सून तुमची रुग्ण नाही, दुबईचा मुलगाही नाही. त्यांच्याशी सौजन्याने वागायचं, त्यांना माहिती द्यायची, त्यांचं ऐकूनही घ्यायचं. पण एखादी गोष्ट आजींच्या अंगावर करायची की नाही, हा प्रश्न आला की पहिलं विचारायचं ते आजींना. कायदाही इथूनच सुरुवात करतो. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही, आणि तपासणीला दिलेली संमती उपचारालाही लागू होत नाही. त्या खटल्यात संमती दिली होती रुग्णाच्या आईने. आपल्याकडे वय झालं की मुलाची सही घ्यायची पद्धत पडलीय. तिला कायद्याचा आधार नाही.

‘पण त्यांना विस्मरण आहे ना?’ आहे. विस्मरण असलेल्या माणसाला काहीच ठरवता येत नाही, असं मात्र नसतं. आज वार कोणता हे न सांगता येणारी बाई ‘मला सुई नको, हात दुखतो’ हे पूर्ण समजून सांगू शकते. निर्णयाची क्षमता त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघायची असते. सांगितलेलं कळलं का, क्षणभर लक्षात राहिलं का, त्याचा आपल्याशी संबंध कळतो का, आणि काय हवं ते कसंही करून सांगता येतं का, एवढं तपासा. सकाळी नाश्त्यानंतर, चष्मा आणि कानातलं यंत्र लावून, त्यांच्या कोंकणीत, छोट्या वाक्यांत विचारा. दिवेलागणीनंतर विस्मरणाचा रुग्ण गोंधळतो, तेव्हा विचारून ‘त्यांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

आता हात बांधण्याचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त इजा इथेच होते.

म्हातारं माणूस रात्री उठतं त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते शोधणं हेच आपलं काम. नळी असलेली बाई नळी ओढते तेव्हा पहिल्यांदा पिशवीकडे बघा. पिशवी रिकामी आणि ओटीपोट टणक असेल, तर नळी कुठे तरी दुमडलीय किंवा तुंबलीय, आणि बाईला लघवीची असह्य कळ आलीय. नळी मांडीला चिकटपट्टीने धरलेली आहे का, की कुशीवर वळताना दर वेळी आतून ओढ बसते? पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलीय का? शौचाला किती दिवस झाले नाही? ताप? दुखणं? नवीन औषध? दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ वाढला असेल, तर ते विस्मरण वाढल्याचं लक्षण धरू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, औषधाचा परिणाम, यांतलं काही तरी असण्याची शक्यता जास्त, आणि त्यासाठी डॉक्टरला त्याच दिवशी कळवायला हवं. आणि सर्वांत मूळचा प्रश्न डॉक्टरला विचारा: ही नळी अजून लागतेच का? पक्षाघाताच्या वेळी घातलेली नळी काढायची कोणाच्या लक्षातच आली नाही, अशी घरं मी पाहिलीत.

पलंग खाली घ्या. चाकांचे ब्रेक तपासा. न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर मंद दिवा ठेवा. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीचा दिवा हाताशी हवा. नळी परकराच्या आतून मांडीच्या बाजूने न्या, म्हणजे हाताला लागत नाही. रिकाम्या हातांना काही तरी द्या: जपमाळ, घडी घालायला पंचा. हे सगळं साधं वाटतं, पण बांधलेल्या हातापेक्षा जास्त काम करतं. बांधलेला माणूस जास्त धडपडतो, मनगटं सोलवटतो, पलंगाच्या कठड्यावरून उलटा पडतो, हालचाल थांबली की पाठीला जखमा होतात आणि गोंधळ आणखी वाढतो.

कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ९७ मानसिक आरोग्य संस्थांना लागू आहे. तात्काळ इजा टाळायचा दुसरा कोणताच उपाय नसेल तरच, आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाने परवानगी दिली तरच, रुग्णाला बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. बांबोळीच्या मनोरुग्णालयात तज्ज्ञाच्या लेखी आदेशाशिवाय जे करता येत नाही, ते एका बेडरूममध्ये सुनेच्या तोंडी सांगण्यावरून कसं करता येईल? घराला ते कलम थेट लागू नाही, हे खरं. पण भारतीय न्याय संहितेतली अन्यायाने अडवण्याची आणि कोंडून ठेवण्याची कलमं, १२६ आणि १२७, घरालाही लागू आहेत. बांधलं की लगेच गुन्हा झाला असं मी म्हणत नाही. हेतू आणि परिस्थिती बघितली जाते. मात्र लेखी आदेश नाही, कारण नोंदलेलं नाही, इतर उपाय करून पाहिले नाहीत आणि मनगटावर वळ आहेत, अशा वेळी आपल्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

सुनेला हे कसं सांगायचं? ती दुष्ट आहे असं धरून चालू नका. दिवसभर घर, स्वयंपाक, सासूचं सगळं, आणि रात्री हाका ऐकून जाग. तिला ‘असं करता येत नाही’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘वयनी, आज रात्री मी हे हे करून बघते, सकाळी तुम्हाला सांगते’ असं म्हणा. बहुतेक सुना चार रात्रींत ऐकतात.

गोळीचं उत्तर सरळ आहे: नाही. आजी दिवसा बोलतात-समजतात, तर त्यांच्या नकळत त्यांना औषध देणं म्हणजे संमतीशिवाय उपचार. खरोखर समज गेलेल्या रुग्णाला जगण्यासाठी आवश्यक असलेलं औषध लपवून द्यावं लागलं, तरी तो निर्णय डॉक्टरने लेखी घ्यायचा, घरच्यांना सांगून, कारण लिहून, ठरावीक दिवसांनी फेरविचार करून. घरात शिल्लक राहिलेल्या पट्टीतून गोळी काढणं यात बसत नाही. अल्प्राझोलमसारखी औषधं एच-वन अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. दुकानदारालाही त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं जपावी लागते. आपण मात्र ती चमच्याखाली चुरून देतो.

शुश्रूषेच्या बाजूने बघाल तर धोका आणखी स्पष्ट होईल. पक्षाघातानंतर गिळणं अनेकदा कमजोर असतं. गुंगीतल्या अशा रुग्णाला पातळ पेज पाजली की ती श्वासनळीत जाऊ शकते, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया समोर उभा राहतो. झोपेच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं पडणं वाढतं. विस्मरणाच्या वृद्ध रुग्णांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारावरच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या पिढीच्या औषधांबाबत २००५ साली आणि जुन्या औषधांबाबत २००८ साली दिला. काही गोळ्या चुरायच्याच नसतात. हळूहळू विरघळणारी गोळी चुरली की दिवसभराचा डोस एका दमात जातो. गिळता येत नसेल तर डॉक्टरकडून पातळ औषध लिहून घ्या.

आता तुमची खरी भीती: आजी पडल्या तर?

पडल्या म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण जाणकार नर्सने जी काळजी घेतली असती ती तुम्ही घेतली का, हे बघितलं जातं. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं. एजन्सीमार्फत पैसे घेऊन दिलेली सेवा मात्र ग्राहक संरक्षण कायद्याखालीही येऊ शकते, तिथे भरपाईचा प्रश्न असतो.

एक बदल प्रत्येक नर्सने माहीत करून घ्यायला हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षं होती. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रियेत मृत्यू झाला तर कमाल दोन वर्षं. पण ही सवलत ज्यांना आहे त्यांची व्याख्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कायद्यातून घेतलीय, म्हणजे डॉक्टर. नर्सचा तिथे उल्लेख नाही. एकाच खोलीत, एकाच रुग्णापाशी काम करणाऱ्या दोघांना कायदा वेगळा लागतो, याचा मला मनापासून राग येतो. नर्सिंगच्या संघटनांनी यावर बोललं पाहिजे. तोवर आपण काय करू शकतो, तर लिहून ठेवायचं.

घरच्या ड्युटीत नोंदवही ठेवत नाहीत, इथेच सगळं फसतं. दोनशे पानी वही घ्या, पानांवर क्रमांक घाला. तारीख, वेळ, काय दिसलं, रुग्ण काय म्हणाली, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं, सही. ‘रात्रभर अस्वस्थ, त्रास दिला’ ही नोंद कामाची नाही. ही बघा कामाची:

‘रात्री १.४०. उठून बसल्या. नळी ओढत होत्या. “पोटांत दुखता” म्हणाल्या. तीन तासांत पिशवीत २० मिली. ओटीपोट टणक. नळी मांडीखाली दुमडलेली होती, सरळ केली. १५ मिनिटांत ३५० मिली लघवी, रंग गडद. पाणी घोट घोट दिलं, बसवून. २.१५ ला झोपल्या. हात बांधले नाहीत. सकाळी ७ वाजता सुनेला सांगितलं, ८ वाजता डॉक्टरांना फोन.’

पाच-सहा ओळींची नोंद आहे. पण उद्या कोणी विचारलं तर तुमच्या बाजूने हीच बोलेल, आणि मुख्य म्हणजे दिवसाची सिस्टर आल्यावर तिला लगेच कळेल की नळी तपासायची. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा. पांढरा रंग लावू नका, पान फाडू नका, मागाहून आठवलेलं ‘उशिरा केलेली नोंद’ म्हणून त्या वेळेसकट लिहा. डॉक्टरने फोनवर औषध सांगितलं तर ते परत वाचून दाखवा, वेळ लिहा, आणि पुढच्या भेटीत सही घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला आदेश पुसू नका.

आणि पडल्याच, तर घाईने उचलू नका. शुद्ध, डोक्याला मार, दोन्ही पायांची लांबी बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलंय असं समजा आणि १०८ बोलवा. पक्षाघाताच्या रुग्णाला अनेकदा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. डोक्याला लागलं असेल तर बाहेरून काही दिसलं नाही तरी दवाखाना गाठायचाच. घरच्यांना लगेच सांगा. लपवलेलं पडणं दोन दिवसांनी उघडकीस येतं, आणि मग पडण्याबद्दल कोणी विचारत नाही, लपवण्याबद्दल विचारतात.

बक्षीसपत्राकडे वळू. साक्षीदार होऊ नका. कारण नीट समजून घ्या, म्हणजे ठाम राहता येईल.

गोव्यात वारसाहक्काचा कायदा बाकी देशासारखा नाही. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची चौकट इथे टिकली, आणि वारसा, नोटरी व इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन कार्यवाही) यांसाठी २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा निम्मा वाटा. म्हणजे नवरा गेल्यावर आजींचा वाटा अर्धा. नवऱ्याच्या अर्ध्यात मुलं वारस. शिवाय आजींच्या स्वतःच्या वाट्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. एका मुलाला सगळं देऊन दुसऱ्याला वगळता येत नाही. त्यामुळे आज ज्या कागदावर सह्या चालल्यात, त्यावर उद्या दुबईचा मुलगा इन्व्हेंटरीत हरकत घेण्याची शक्यता भरपूर. आणि तेव्हा पहिला प्रश्न येईल: सही केली त्या दिवशी आजींना काय समजत होतं?

तेव्हा साक्षीदार म्हणून तुम्हाला बोलावतील. तुमचीच वही समोर ठेवतील. आदल्या रात्री आजी गोंधळल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय, आणि सकाळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या असं तुमची सही म्हणतेय. करार कायद्याच्या कलम १२ नुसार मधूनमधून भान जाणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्याही असू शकतात. पण ते सिद्ध करण्याचं ओझं रात्रपाळीच्या सिस्टरने का उचलावं? त्याच कायद्याचं कलम १६ वय, आजार आणि मानसिक-शारीरिक त्रास यांमुळे दुबळ्या झालेल्या माणसावर वजन टाकून करून घेतलेल्या व्यवहाराबद्दल बोलतं. ज्या माणसाचं खाणं, पाणी, औषध, कुशीवर वळवणं आपल्या हातात आहे, त्याच्या कागदावर आपली सही असू नये.

घरच्यांना सरळ मार्ग सांगा. नोंदणी कायद्यात अशी सोय आहे की आजारपणामुळे कार्यालयात जाता येत नसेल तर उपनिबंधक घरी येऊन रुग्णाला प्रत्यक्ष विचारू शकतो. आधी डॉक्टरने तपासून त्या दिवशीच्या क्षमतेचा दाखला द्यावा. वकील मुलाचा नको, आजींचा असावा. आणि बक्षीस द्यायचंच असेल तर ‘माझी देखभाल करील’ ही अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे: देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल केली नाही तर परत मिळवता येते. अट होती हे सिद्ध व्हावं लागतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात हे कलम ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचावं असंही सांगितलं. गोव्यात जुनी चांगली रीत होती, हयातभर उपभोगाचा हक्क राखून दान द्यायची. आजींना ती माहीत असेल, विचारा.

मुखत्यारपत्राबद्दल एक गैरसमज इथे घट्ट बसलाय. परदेशातल्या मुलांनी आईकडून ते करून घेतलेलं असतं आणि आई पूर्ण विस्मरणात गेल्यावरही त्यावर व्यवहार चालू राहतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. तुमच्यासमोर बँकेचा कागद आला आणि अंगठा ‘धरून’ उठवायला सांगितला, तर हात लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेतात, आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अधिकाऱ्याला घरी बोलवा म्हणावं.

कॅमेऱ्याचंही बोलते. मुलाची काळजी मला कळते. पण त्या कॅमेऱ्यासमोर आजींचं अंग पुसलं जातं, लुगडं बदललं जातं, नळीची जागा धुतली जाते. आजींना कॅमेरा आहे हे माहीत तरी आहे का? त्यांना विचारा, नको म्हणाल्या तर मुलाला तसं कळवा. ठेवायचाच असेल तर दाराकडे तोंड करून, आणि अंग उघडं असताना झाकून. आणि एक सवय आजपासून सोडा: पाठीच्या जखमेचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटात टाकणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये संमतीशिवाय खाजगी अंगाचा फोटो काढणं आणि पाठवणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. खाजगी अंगाच्या व्याख्येत नितंबही येतात. माकडहाडाची जखम नेमकी तिथेच असते. आजींना विचारून, चेहरा न घेता, जखमेपुरता फोटो काढून फक्त डॉक्टरला पाठवा आणि ‘संमती घेतली’ असं वहीत लिहा.

तुमच्या पत्रावरून या घरात छळ चाललाय असं मला वाटत नाही, दमलेली माणसं वाटतात. पण पुढे कधी दंडावर बोटांचे व्रण दिसले, वजन उतरत चाललं, औषधं आणणं थांबलं, आजी एखाद्या माणसाची चाहूल लागताच गप्प होऊ लागल्या, तर त्यांना एकट्याला विचारा, त्यांचेच शब्द लिहा आणि डॉक्टरला कळवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिवाचा धोका दिसला तर ११२. २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण उपविभागीय स्तरावर, म्हणजे आपल्याकडे उपजिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. आजींना स्वतः जाता आलं नाही तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. ‘घरातली गोष्ट’ म्हणून आपण गप्प बसलो तर त्या खोलीत आजींसाठी बोलणारं कोणी उरत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ८४ व्या वर्षी हा प्रश्न कधीही दारात येईल: व्हेंटिलेटर लावायचा का, छाती दाबायची का. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि पुढच्या आजारपणाबद्दलचं इच्छापत्र लिहून ठेवायला परवानगी दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. हे अमलात आणण्यात गोवा पुढे राहिला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून नोंदवलं. आजींचं भान दिवसा जागेवर आहे तोवरच हे करता येईल. मुलगा चतुर्थीला येईल तेव्हा डॉक्टरसमोर, आजी खुर्चीत बसलेल्या असताना, त्यांच्याशी बोलणं व्हावं. त्यांच्याविषयी इतरांनी आपसात बोलू नये. तुम्ही फक्त विषय काढून द्या. सही करणाऱ्यांत तुम्ही नसावं, कागद कुठे ठेवलाय हे मात्र तुम्हाला माहीत असावं.

या विषयात नर्सचं मत क्षुल्लक असतं असं कोणी म्हटलं तर अरुणा शानबाग आठवा. त्या स्वतः मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. १९७३ च्या हल्ल्यानंतर भान हरपलेल्या अवस्थेत २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथल्याच वॉर्डात राहिल्या आणि तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार कोणाचा हे ठरवताना केईएमच्या कर्मचाऱ्यांचं नाव घेतलं, कारण रोज हात लावणारी माणसं तीच होती. उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नसते: तोंड पुसणं, कूस बदलणं, वेदना कमी करणं. वेदनेसाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहिलं तर ते द्यायला घाबरू नका. लिहिलेला डोस, लिहिलेल्या वेळी, श्वास मोजून, नोंद करून.

भेटवस्तूंचं दोन ओळींत: नेवऱ्या, फणस, सणाची साडी घ्या, सगळ्यांसमोर. सोनं, रोख रक्कम, ‘आजींनी प्रेमाने दिलेली’ पाटली घेऊ नका, आजींनी कितीही आग्रह केला तरी.

आणि काम जाण्याची भीती. ती खोटी नाही, घर चालवायचं असतं. एजन्सीशी किंवा थेट मुलाशी लेखी बोला: कोणती कामं करीन, कोणती डॉक्टरच्या आदेशाशिवाय करणार नाही. पुष्कळदा परदेशातल्या मुलाला आईचे हात बांधले जातात हे माहीतच नसतं, आणि कळल्यावर तो तुमच्या बाजूने उभा राहतो. तरीही नाही जमलं आणि सोडायची वेळ आली, तर रात्री दोन वाजता रागाने उठून जाऊ नका. असहाय रुग्णाची देखभाल कराराने पत्करून ती जाणूनबुजून सोडली तर न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली तो गुन्हा ठरू शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लेखी कळवा, ठरल्याप्रमाणे मुदत द्या, पुढची सिस्टर आली की तिला नळी, औषधं, जखमा आणि आजींच्या सवयी दाखवून वही हातात द्या. वहीतल्या आपल्या पानांची झेरॉक्स घेऊ नका, त्यात आजींची खाजगी माहिती आहे. दिलेल्या वहीची पोच तेवढी तारीख-सहीसह लिहून घ्या.